रहदारीच्या गोंगाटात पाखरांचे गाणे

भाईंदर पूर्वेला केबिन रोड नावाचा एक रस्ता आहे. केबिन हा शब्द रेल्वेचा. रुळांच्या कडेला जिना चढून जावे लागेल अशा उंचीवर एक खोली असावयाची. तीत बसलेला माणूस जाडजूड दांडे ओढून सिग्नल पाडावयाचा आणि रूळ बदलावयाचा. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांवरील केबिनवाले एकमेकांशी घंटेच्या ठोक्यांनी बोलत. गाडी पाठवू का, असे इकडून ठोक्यांनी विचारावयाचे. पाठव, असे तिकडून ठोक्यांनीच सांगावयाचे. तिकडून ठोके आले नाहीत तर गाडी जागची हलत नसे. आपण खबर दिली एवढ्याने तेथे भागत नसे. ती पलीकडे पोचली, ह्याची खूण मिळावी लागे.

हे मी सांगतो आहे ते रेल्वेविषयी बोलावयाचे आहे म्हणून नव्हे. मला बोलावयाचे आहे ते पाखरांविषयी. पाखराचे गाणे ही अशीच एक खबर आहे. आपण तिला संगीत म्हणतो आणि खिडकीशी घटकाभर उभे राहतो. पण गाणारा दयाळ तुमच्या-माझ्यासाठी गात नसतो. तो दुसऱ्या दयाळाला बजावीत असतो, की ह्या झाडापासून त्या गच्चीपर्यंतचा मुलूख माझा आहे, इकडे फिरकू नकोस. आणि त्याच दमात तो मादीला सांगत असतो, की मी येथे आहे, धडधाकट आहे, घरट्याला जागा आहे. ही खबर पोचली तर जोडी जमते, घरटे होते, पिले होतात. ती वाटेतच विरली तर काय होते? आजच्या बोलण्याचा विषय तेवढाच आहे.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. २०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी झाली. लोकल गाड्या बंद पडल्या, रिक्षा थांबल्या, केबिन रोडवर भर दुपारी मध्यरात्रीसारखी सामसूम झाली. दोन-चार दिवस गेले असतील. एके दिवशी सकाळी आठच्या सुमारास आई गॅलरीतून म्हणाली, "काय रे, हा कुठला पक्षी नवा आलाय आपल्याकडे?" मी बाहेर येऊन पाहिले. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक दयाळ बसला होता. काळाभोर, पांढऱ्या पट्ट्याचा, शेपटी उभारलेला. गळा फुगवून गात होता. आई ह्या घरात तीस वर्षे राहते आहे. दयाळ काही परगावचा पाहुणा नव्हे. तो बारा महिने येथेच राहणारा पक्षी. मी म्हटले, "आई, तो नवा नसेल. आपल्याला तो आता ऐकू येतोय, इतकंच." तिला ते पटले नाही.

पुढे सगळे पूर्ववत सुरू झाले. दोन वर्षांनी, चैत्रातच, सकाळी नऊ वाजता मी रिक्षाची वाट पाहत खाली उभा होतो. सहज वर लक्ष गेले. त्याच टाकीवर दयाळ बसलेला. गळा फुगत होता, चोच उघडत-मिटत होती, शेपटी ताल दिल्यासारखी खालीवर होत होती. आणि मला एक अक्षरही ऐकू येत नव्हते. आवाज घालवलेला चित्रपट पाहावा तसे ते दृश्य होते. त्या दिवशी माझ्या मनात आले, मला ऐकू येत नाही हे एक वेळ सोडून द्या. पण ज्याच्यासाठी हा जीव तोडून गातो आहे, त्याला तरी ते ऐकू जात असेल का?

आता थोडा हिशेब करू. हिशेब म्हटल्याबरोबर रेडिओची खुंटी पिळू नका. फार अवघड नाही.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप तुमच्या-माझ्या किलो-मीटरसारखे सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली. वीस वाढले म्हणजे शंभरपट. आणि मोकळ्या जागी एका ठिकाणाहून निघालेला आवाज, अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबलने उतरतो. आता असे समजा, की पहाटेच्या शांततेत एका दयाळाचे गाणे चहूकडे शंभर मीटरपर्यंत ऐकू जाते. त्याच्या भोवती शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्याचे क्षेत्रफळ पावणेआठ एकर भरते. ती त्याची हाकेच्या टप्प्यातली दुनिया. आता रस्ता जागा झाला आणि भोवतालचा गोंगाट सहा डेसिबलने वाढला. गाणे आता पन्नास मीटरपर्यंतच ऐकू जाणार. दुनिया चौथाईवर आली. दहा डेसिबलने वाढला, तर टप्पा सुमारे बत्तीस मीटर, आणि पावणेआठ एकरांचे राहिले जेमतेम पाऊण एकर. झाडे, भिंती, वारा ह्यांचा विचार न करता केलेला हा ढोबळ हिशेब आहे. पण त्याचा अर्थ ढोबळ नाही. एकही फांदी तोडली नाही, एकही घरटे मोडले नाही, बागेचे कुंपण एक इंचभर आत सरकले नाही. आणि तरी पाखराच्या नऊ-दशांश जगावर आपण अतिक्रमण केले.

ह्या अतिक्रमणाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. शहरात झाडांची गणना होते, उद्यानांचे क्षेत्रफळ मोजतात, नकाशात हिरवा रंग भरतात. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत होती, ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. एवढी माणसे आली म्हणजे वाहने येणारच, आणि वाहने आली म्हणजे आवाज येणारच. पण हिरव्या रंगाच्या त्या ठिपक्यात शांतता किती उरली, हे नकाशा सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाखरे काय इतकी दुबळी आहेत? ती करतील काहीतरी तोडगा. अगदी खरे आहे. ती तोडगा काढतात, आणि तो पाहण्यासारखा आहे.

पहिला तोडगा म्हणजे आवाज चढवणे. लोकलच्या डब्यात मोबाइलवर बोलणारा माणूस नकळत ओरडू लागतो, हे आपण रोज पाहतो. एत्येन लोंबार नावाच्या एका फ्रेंच वैद्याने १९११ साली ही गोष्ट प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली. पाखरांचेही तसेच आहे. बर्लिन शहरातील नाइटिंगेल पक्ष्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या जागी राहणारे नर अधिक मोठ्याने गातात, असे त्यात दिसून आले. गंमत अशी, की तेच पक्षी कामाच्या दिवशी सकाळी मोठ्याने गात आणि सुटीच्या दिवशी आवाज उतरवीत. म्हणजे शनिवार-रविवार माणसांना असतो तसा तो पाखरांनाही असतो!

दुसरा तोडगा म्हणजे पट्टी बदलणे. मोटारींच्या गोंगाटाचा जोर खालच्या सुरांत असतो. सेकंदाला हजार-दोन हजार कंपनांच्या आत त्याची बरीचशी शक्ती असते. पुष्कळशी लहान पाखरे त्याहून वरच्या पट्टीत गातात, पण त्यांच्या गाण्यातले खालचे सूर ह्या गोंगाटात बुडतात. जुन्या रेडिओवर दोन स्टेशने एकमेकांवर चढली म्हणजे जे होते, तेच हे. नेदरलँड्समधील लायडन शहरात ग्रेट टिट नावाचा, आपल्या राखी वल्गुलीचा जवळचा आप्त शोभणारा, एक लहानसा पक्षी आहे. २००३ साली तेथील दोघा संशोधकांनी दाखवून दिले, की गजबजलेल्या रस्त्यांलगत राहणारे नर खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात. खुंटी पिळून स्टेशन बदलावे तशी ही युक्ती.

तिसरा तोडगा वेळ बदलण्याचा. इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरातील रॉबिन पक्षी रात्री का गातात, ह्याचे कारण रस्त्यावरचे दिवे असावेत असे पूर्वी समजत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की रात्री प्रकाश किती, ह्यापेक्षा दिवसा गोंगाट किती, ह्याच्याशी रात्रीच्या गाण्याचा संबंध अधिक आहे. दिवसा बोलू दिले नाही, म्हणून बिचारे रात्री बोलतात. आपला दयाळही पहाटे फार लवकर, अंधार असतानाच गाऊ लागतो. तो त्याचा मूळचा स्वभाव आहे. पण शहरात त्या स्वभावाचा त्याला आधार होत असेल, असे मला वाटते.

तोडगे आहेत. परंतु प्रत्येक तोडग्याची किंमत मोजावी लागते. मोठ्याने गाणे म्हणजे दम खर्चणे. रात्री गाणे म्हणजे झोप मोडणे. आणि पट्टी बदलणे म्हणजे काय, ते फार मजेचे आणि फार वाईट आहे. त्याच ग्रेट टिट पक्ष्यांचा अभ्यास पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे निघाले, की खालच्या सुरात गाणाऱ्या नरांशी त्यांच्या माद्या अधिक एकनिष्ठ राहतात. आता त्या नराने करावे तरी काय? सूर चढवला तर तो ऐकू जाईल, पण पसंत पडणार नाही. सूर खाली ठेवला तर पसंत पडेल, पण ऐकू जाणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

शिवाय हे तोडगे सर्वांच्या हातचे नाहीत. दयाळ, बुलबुल, शिंपी असे जे गाणारे पक्षी आहेत, त्यांची पिले गाणे बरेचसे ऐकून शिकतात. शिकणाऱ्याला थोडा फेरफार करता येतो. कोकिळाचे तसे नाही. त्याचे पिलू कावळ्याच्या घरट्यात वाढते, रात्रंदिवस काव काव ऐकते, आणि मोठे झाल्यावर कुहू कुहूच करते. ह्याचा अर्थ त्याचे गाणे शिकलेले नाही, वारशाने आलेले आहे. होले आणि पारवे ह्यांचेही घुमणे असेच वारशाचे. भारद्वाजाचा खोल हुंकार तर थेट मोटारींच्या सुरांच्या शेजारी बसतो. ज्याला आपले स्टेशन बदलता येत नाही, त्याने दुसरा स्टेशन बंद करील तेव्हाच बोलावयाचे.

येथे आपल्याकडची एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. वर सांगितलेले अभ्यास युरोपातले. तिकडे रस्त्याचा गोंगाट म्हणजे मुख्यतः इंजिनाची घरघर आणि टायरांची सळसळ. आपल्याकडे त्यात भर आहे भोंग्यांची. भोंग्याचा कर्कशपणा असतो तो दोन-तीन हजार कंपनांच्या आसपास, म्हणजे इंजिनाच्या वरच्या पट्टीत. कारण तो माणसाच्या कानाला टोचावा अशाच बेताने केलेला असतो. तेव्हा पाहा, इंजिनाची घरघर चुकवून एखाद्या पाखराने सूर वर नेला, तर वर भोंगा वाट पाहतच बसलेला! लायडनच्या पक्ष्याला पळून जावयाला एक वरचा मजला तरी होता. आमच्या केबिन रोडवरच्या दयाळाला तोही मोकळा नाही.

गोंगाटाने गाणे झाकते, एवढेच असते तरी एक वेळ चालले असते. पण पाखराला कानांनी आणखी पुष्कळ कामे करावयाची असतात. ससाण्याच्या पंखांची फडफड, शेजाऱ्याने दिलेला धोक्याचा इशारा, पाचोळ्यातल्या किड्याची खसखस, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या पिलांची भूक. इंग्लंडजवळ लंडी नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथे चिमण्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालला आहे. त्यांतल्या काही चिमण्यांची घरटी वीज निर्माण करणाऱ्या जनित्रांच्या घरघरीजवळ होती. तेथील माद्या पिलांना कमी वेळा भरवीत आणि त्यांची पिले वजनाला कमी भरत, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कारण उघड आहे. आईला लेकराची हाक नीट ऐकूच जात नसावी. आपल्याकडे २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात चिमणी देशभर टिकून असली तरी मोठ्या महानगरांत कमी होत आहे, असे म्हटले आहे. त्याची कारणे अनेक असतील. घरट्याला वळचण राहिली नाही, पिलांना भरवावयाला किडे राहिले नाहीत. पण गोंगाटाला त्या यादीतून वगळता येणार नाही.

आता कोणी शंका काढील, की रस्त्याजवळ पाखरे कमी असतात ती आवाजामुळे कशावरून? धूर असेल, दिवे असतील, झाडे तोडली असतील. शंका रास्त आहे. तिचे उत्तर अमेरिकेत आयडाहो राज्यातील काही संशोधकांनी मोठ्या युक्तीने शोधले. जेथे रस्ताच नाही अशा एका रानात त्यांनी अर्धा किलोमीटर लांबीच्या रांगेत ध्वनिक्षेपक लावले आणि त्यांवरून रहदारीचा आवाज ऐकवला. ना मोटार, ना धूर, ना डांबर, नुसता आवाज. चार दिवस आवाज चालू, चार दिवस बंद, असा क्रम ठेवला. आवाज चालू असताना तेथील पाखरांची संख्या एक चतुर्थांशाहून अधिक घटली. काही जाती जवळजवळ फिरकेनाशा झाल्या. २०१३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. जी पाखरे मागे राहिली, तीही बरी राहिली असे नाही. पुढच्या निरीक्षणांत असे दिसले, की गोंगाटात पाखराचा वेळ दाणा टिपण्यापेक्षा मान वर करून इकडेतिकडे पाहण्यातच अधिक जातो. कान निकामी झाले, म्हणून डोळ्यांवर दुप्पट काम पडले. तेव्हा बागेत पाखरे दिसतात म्हणजे ती सुखात आहेत, असे समजू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यू मेक्सिकोमध्ये वायूच्या विहिरींवरील यंत्रांच्या घरघरीत काही जातींची घरटी उलट अधिक सुरक्षित राहिली. का? तर त्यांची अंडी-पिले खाणारा जे जातीचा पक्षी त्या गोंगाटाला कंटाळून दूर निघून गेला होता. वाचताना वाटते, चला, कोणाचे तरी भले झाले. पण थोडे पुढे वाचावे. तोच पक्षी तेथील पाइन झाडाचे बी जमिनीत पुरून ठेवीत असे आणि त्यांतून नवी रोपे उगवत. तो गेला, आणि गोंगाटाच्या जागी त्या झाडाची रोपे कमी झाली. म्हणजे आवाजाचा परिणाम शेवटी झाडापर्यंत जाऊन पोचला. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर कोण लावते? भिंतीच्या फटीत, जुन्या पुलाच्या दगडात उगवलेली ती रोपे कोकीळ, तांबट, बुलबुल, साळुंकी ह्यांच्याच पोटातून आलेली असतात. पाखरू गेले, म्हणजे शहराचा बिनपगारी माळी गेला.

हे सगळे परदेशातले झाले, असे म्हणून सोडून देऊ नका. केबिन रोडवरून निघून काशिमिऱ्याला या आणि घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे वळा. एका हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य रान, दुसऱ्या हाताला त्याच उद्यानाचा नागला हा भाग, आणि मधून अवजड वाहनांची अखंड रांग. शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे हे रान नकाशात सलग हिरवे दिसते. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना आवाज जितका आत शिरतो, तितके रान पाखराच्या दृष्टीने कमी झाले. तीच गत कर्नाळ्याची. रायगड जिल्ह्यातील हे पक्षी-अभयारण्य १९६८ मध्ये झाले. मुळात ते लहान, सुमारे बारा चौरस किलोमीटरांचे, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्यातून जातो. नाव पक्ष्यांचे, आणि आवाज मालमोटारींचा. मोठ्या रानाला हा तोटा सोसता येतो. आतल्या बाजूला शांत जागा उरते. भाईंदरसारख्या गावातल्या बागेला आतली बाजूच नसते. तिच्या चारी कडा रस्त्यावरच असतात.

ह्यावर कायदा काय म्हणतो? २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, अशी मर्यादा त्यांत आहे. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, न्यायालये ह्यांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४०. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात, आणीबाणीचा प्रसंग सोडला तर, भोंगा वाजवावयाचा नाही, हेही नियमांत आहे. नियम चांगले आहेत. गजबजलेल्या रस्त्याकडेला सत्तर-ऐंशी डेसिबल सहज भरतात, तेव्हा ते कितपत पाळले जातात हे मी सांगावयास नको. पण मला दाखवावयाची आहे ती निराळी गोष्ट. रुग्णालयाला शांतता लागते, शाळेला लागते, न्यायदानाला लागते, हे आपण ओळखले. बागेला ती लागते, हे अजून आपल्या ध्यानातच आलेले नाही. उलट कित्येक बागांत सकाळी फिरावयास येणाऱ्यांसाठी ध्वनिक्षेपकावर गाणी लावतात. ज्या वेळी पाखरांचे गाणे भर रंगात असते, नेमक्या त्याच वेळी!

काय करता येईल? मोठ्या गोष्टी नगरपालिकांनी आणि शासनाने कराव्यात. त्यांतली एक समजूत मात्र काढून टाकली पाहिजे. रस्त्याकडेला झाडांची एक ओळ लावली की आवाज अडतो, असे आपण मानतो. तसे होत नाही. एका ओळीने रस्ता दिसेनासा होतो, पण आवाज फारसा कमी होत नाही. आवाज अडतो तो भरीव आडोशाने. भिंतीने किंवा मातीच्या उंच बांधाने. तेव्हा रस्त्याच्या बाजूला बांध घालावा, त्याच्या आतल्या अंगाला दाट झुडपे आणि झाडे लावावीत, चालण्याची वाट रस्त्याकडे आणि झाडी मध्यभागी ठेवावी. हिरवळीचा गालिचा पाखराच्या फारसा उपयोगाचा नाही. त्याला करवंदाची, कण्हेरीची, जास्वंदीची गचपण हवी. बागेतला ध्वनिक्षेपक निदान सकाळी नऊपर्यंत बंद ठेवावयाला तर एक पैसाही लागत नाही. आता विजेवर चालणाऱ्या गाड्या येत आहेत. शहरातल्या संथ रहदारीत त्यांनी इंजिनाची घरघर कमी होईल. पण महामार्गावरच्या वेगात मुख्य आवाज टायरांचा असतो, तो त्यांनी जाणार नाही. आणि भोंगा तर विजेच्या गाडीलाही असतो.

भोंगा मात्र तुमच्या-माझ्या हातात आहे. अक्षरशः हातात. पुढचा सिग्नल तांबडा आहे, पुढे दहा गाड्या उभ्या आहेत, आणि तरी आपला अंगठा बटणावर जातो. त्याने रस्ता मोकळा होत नाही. एखाद्या गाण्यातले चार सूर तेवढे पुसले जातात.

आणि हे सारे परत फिरवता येते, ही त्यातली आशेची गोष्ट आहे. तोडलेले झाड पुन्हा वाढावयाला वीस-तीस वर्षे लागतात. शांतता एका सकाळीत परत येते. २०२० च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्को भागातील रहदारी इतकी उतरली, की गोल्डन गेट पुलावरील वाहनांची संख्या १९५४ सालच्या पातळीला गेली. तेथील पांढऱ्या टोपीच्या चिमण्यांची जुनी मुद्रणे संशोधकांजवळ होती. त्यांनी नव्याने ऐकले, तेव्हा चिमण्या पूर्वीपेक्षा हळू आवाजात गात होत्या, त्यांचे गाणे अधिक सुरेल झाले होते, आणि हळू गाऊनही ते दुप्पट अंतरापर्यंत पोचत होते. ओरडण्याची गरज संपताच त्या काही आठवड्यांत पुन्हा गाऊ लागल्या. आईने गॅलरीत उभे राहून जे ऐकले, ते हेच होते. दयाळ नवा आला नव्हता. त्याला त्याचे पावणेआठ एकर परत मिळाले होते.

आता माझी एक विनंती आहे. ह्या माघ-फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत केव्हाही एक रविवार निवडा. उजाडताना तुमच्या घराजवळ गाणारे एखादे पाखरू शोधा. दयाळ असो, बुलबुल असो, शिंपी असो. त्याच्या झाडाखालून निघा आणि गाणे ऐकू येईनासे होईपर्यंत चालत जा. पावले मोजा. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी नऊ वाजता त्याच झाडाखाली जा आणि पुन्हा मोजा. यंत्र नको, पैसा नको, पदवी नको. ती दोन आकडी नोंद एका कागदावर लिहून ठेवा आणि दारामागे लावा. तुमच्या गावात पाखराला किती जागा उरली आहे, ते ह्या कागदाइतके स्पष्ट दुसरे कोणी तुम्हाला सांगणार नाही.

मी केबिन रोडवर हे करून पाहिले. रविवारी पहाटे निघालो, कोपरा वळून पलीकडच्या दुकानांपर्यंत गेलो, तरी दयाळाचा सूर मागून येतच होता. सोमवारी पावले मोजण्याचा प्रसंगच आला नाही. मी टाकीखालीच उभा होतो, मान वर करून. त्याची चोच हलत होती. घंटेचे ठोके इकडून पडत होते. पलीकडे पोचत होते की नाही, कोण जाणे.